मंडालेचे सहा उन्हाळे

मे १९९८ मध्ये बँकेने माझी बदली वर्धा जिल्ह्यातल्या एका शाखेत केली. त्याच्या तीनच महिने आधी माझ्या रक्तात साखर निघाली होती. वय चाळिशीच्या आत, घरात आईला मधुमेह, म्हणजे आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. प्रकृतीच्या कारणास्तव बदली रद्द व्हावी असा अर्ज मी केला. तो ज्या पाकिटातून गेला तशाच पाकिटातून परत आला. मग बिऱ्हाड तसेच ठेवून मी एकटाच निघालो.

विदर्भाचा उन्हाळा दिवसा सोसता येतो. दिवसा काम असते, माणसे असतात, शाखेत कूलर असतो. खरी परीक्षा रात्री. वीज गेली की खोलीच्या भिंती दिवसभर पिऊन ठेवलेले ऊन बाहेर टाकू लागत. मी गच्चीवर चादर ओली करून झोपायचा प्रयत्न करी. तहान लागे म्हणून पाणी प्यावे, पाणी प्यायले की तासाभरात जिना उतरून खाली जावे लागे. वर आलो की चादर वाळलेली आणि झोप उडालेली. तळपायांची आग होई. पहाटे चारच्या सुमारास हवा पडे तेव्हा कुठे डोळा लागायचा, आणि साडेपाचला नळ यायचा.

अशाच एका रात्री घरमालक काकांच्या कपाटातून मी 'गीतारहस्य' उचलले. भक्तीने म्हणाल तर नाही. जाडजूड पुस्तक आहे, वाचता वाचता झोप येईल, एवढाच हेतू होता. पण बँकेच्या माणसाला कोणताही कागद हाती आला की आधी तारीख पाहायची सवय असते. प्रस्तावनेत टिळकांनी लेखनाचा काळ तिथीनिशी दिला आहे. शके १८३२, कार्तिक शुद्ध प्रतिपदा ते फाल्गुन वद्य अमावास्या, स्थळ मंडालेचा तुरुंग. आपल्या कालगणनेत नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११. मी तिथेच थांबलो. एवढा मोठा ग्रंथ, आणि तो लिहिला गेला दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत. म्हणजे थंडीचे पाच महिने. उरलेल्या सात महिन्यांत मंडालेला काय होत होते? आणि त्या माणसाला तर मधुमेह होता.

तेव्हापासून टिळकांचे चरित्र मी एका वेगळ्याच बाजूने वाचू लागलो. सिंहगर्जना, खटले, सुरत काँग्रेस हे सगळे आपल्याला पाठ असते. पन्नाशी उलटलेला एक मधुमेही माणूस लाकडी खोलीत सहा उन्हाळे कसा झोपला असेल, याकडे सहसा कुणी पाहत नाही.

शरीर कमावलेला माणूस

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. लहानपणी प्रकृती किरकोळ. डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास जवळजवळ बाजूला ठेवून व्यायामात घालवले, परीक्षेचे नुकसान सोसले आणि शरीर कमावले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पोहणे, तालीम, भरपूर खाणे. त्या एका वर्षाच्या ठेवीवर त्यांनी पुढची चाळीस वर्षे काढली असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

आणखी एक देणगी त्यांना होती, ती झोपेची. जुलै १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत अटक झाली, त्या रात्री जामिनाच्या खटपटीत असलेले त्यांचे स्नेही दाजी आबाजी खरे कोठडीपाशी आले, तर हे गाढ झोपलेले. बाहेर सगळ्यांचे धाबे दणाणले होते आणि आत घोरणे चालले होते. ज्याला अंथरुणावर पडताक्षणी झोप येते त्याला त्याचे मोल कळत नाही. ज्याची झोप रात्री चार वेळा मोडते, त्याला ही गोष्ट कोणत्याही भाषणापेक्षा मोठी वाटते.

त्या शिक्षेत प्रकृतीची बरीच हानी झाली. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटून आले तेव्हा वजन फार उतरलेले होते. पुढे मधुमेहाने घर केले. उन्हाळ्यात सिंहगडावर जाऊन राहायचे हा त्यांचा परिपाठ होता. तिथे त्यांचा बंगला होता आणि तो आजही दाखवतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फूट उंची, देवटाक्याचे थंड पाणी, रात्री अंगावर पांघरूण घ्यावे लागेल असा वारा. पुण्याच्या उन्हाळ्यावर त्यांचा हा उपाय होता. वेदांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे असावे असे मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली निघाला. आर्यांचे मूळ घर बर्फात शोधणाऱ्या या पंडिताच्या नशिबी पाच वर्षांनी काय आले ते पाहा.

राजा इकडे, लोकमान्य तिकडे

२४ जून १९०८ रोजी मुंबईत सरदारगृहात अटक झाली. जुलैमध्ये हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे खटला चालला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि काही दिवस मिळून २१ तासांहून अधिक वेळ ते बोलले. मधुमेही माणसाला सलग बोलताना घशाला कशी कोरड पडते हे ज्याला ठाऊक आहे त्याने या आकड्याकडे पुन्हा एकदा पाहावे. २२ जुलैला रात्री दहाच्या सुमारास शिक्षा झाली, सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. त्याच रात्री खास गाडीने साबरमतीला नेले. तिथल्या जेवणावर वजन भराभर उतरले. सक्तमजुरी पुढे टळली, साधी कैद ठरली, आणि सप्टेंबरमध्ये आगबोटीने रंगून व तिथून मंडाले.

इतिहासाच्या चोपडीत कधी कधी जमा आणि नावे अशी समोरासमोर येतात. मंडालेचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ साली पदच्युत करून इंग्रजांनी आणून ठेवले ते रत्नागिरीला. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना नेऊन ठेवले ते मंडालेला, थिबाच्याच किल्ल्यातल्या तुरुंगात. कोरड्या हवेत वाढलेला राजा कोकणच्या पावसात कुजत होता आणि कोकणचा माणूस राजाच्या गावी वाळत होता. थिबा पुन्हा मायदेशी गेलाच नाही. १९१६ मध्ये तो रत्नागिरीलाच वारला.

मंडाले हे ऐरावतीच्या काठचे गाव. ब्रह्मदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाऊस आणि भातशेती येते. मंडाले तसे नाही. आराकानच्या डोंगररांगा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला आडव्या येतात आणि मधला मुलूख पर्जन्यछायेत राहतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या पूर्वेला माणदेशाचे जे होते तेच. अक्षांश पाहाल तर नागपूरच्या जवळपास. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, धुळीची वादळे येतात, आणि हिवाळ्यात रात्री बऱ्यापैकी गार होतात.

टिळकांची खोली वरच्या मजल्यावर होती आणि ती लाकडाची होती. भिंती अशा नव्हत्याच. लाकडी गजांची ओळ, पिंजऱ्यासारखी. याचे सर्वांत चांगले वर्णन ज्याने केले त्याने ती जागा स्वतः भोगली होती. १९२५ मध्ये सुभाषचंद्र बोस याच तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथून त्यांनी न. चिं. केळकरांना लिहिलेल्या पत्रात टिळकांच्या त्या कोठीबद्दल लिहिले आहे. उन्हाळ्यातले ऊन आणि झळा, पावसाळ्यातला पाऊस, हिवाळ्यातली थंडी आणि बारमाही धूळ, यांतल्या कशालाच तिथे आडोसा नव्हता, असा त्यातला आशय आहे. बोस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. तरीही त्यांची प्रकृती तिथे ढासळली आणि १९२७ मध्ये सरकारला त्यांना सोडावे लागले. टिळक तिथे गेले ते बावन्नाव्या वर्षी, मधुमेह बरोबर घेऊन.

रात्रीचे गणित

इथे थोडे शरीराबद्दल सांगायला हवे. झोप लागायची तर शरीराचे आतले तापमान थोडे खाली यावे लागते. त्यासाठी हातापायांच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब बाहेर सोडली जाते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर ही ऊब जायला जागा राहत नाही. मग उरतो घाम. घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो.

मधुमेह्याचे नेमके इथेच अडते. साखर वाढली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे टाकू लागतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. पाणी कमी पडले की घाम कमी, घाम कमी की अंग तापलेले. जुन्या मधुमेहात घामाच्या ग्रंथींना चालवणाऱ्या बारीक नसाही दुबळ्या होतात. पायांना घाम येईनासा होतो आणि तोंडावर, छातीवर मात्र धारा लागतात. तळपायांची जी आग रात्री जाणवते तीही या नसांचीच तक्रार. आणि आज ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांना रात्री दरदरून घाम फुटला तर तो नेहमी उकाड्याचाच असतो असे नाही. साखर फार खाली गेल्याचीही ती खूण असते. अशा वेळी पंखा वाढवण्याआधी साखर तपासावी. हा धडा मी एकदा चांगलाच किंमत मोजून शिकलो.

टिळकांच्या काळी यातले काहीच हाताशी नव्हते. इन्शुलिनचा शोध टोरांटोला लागला तो १९२१ मध्ये, आणि पहिल्या रोग्याला ते टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. टिळक १९२० ला गेले. त्यांच्या हातात होते ते फक्त ताट.

आणि ताटावर त्यांनी कमालीचा ताबा मिळवला. गहू-तांदूळ सोडून ते जवाच्या पिठावर आले. जोडीला दूध, दही, तूप. प्रमेहाच्या रोग्याने जव खावेत हे चरकाने सांगून ठेवले आहे. आजचे डॉक्टरही जवाची साखर रक्तात सावकाश उतरते असे सांगतात. सातारा जिल्ह्यातला कुलकर्णी नावाचा एक कैदी त्यांना स्वयंपाकाला मिळाला होता. सुटून आल्यावर त्याने तिथल्या आठवणी सांगितल्या, म्हणून त्या सहा वर्षांतले ताट आणि दिनक्रम आपल्याला थोडाफार कळतो. पहाटे उठणे, जप, वाचन, ठरलेल्या वेळी ठरलेले जेवण, पुन्हा वाचन. घरच्या पत्रांतूनही पथ्याचा आणि प्रकृतीचा हिशेब आहे. पत्र महिन्यातून एक. त्यात पुस्तकांच्या याद्या, घरच्या कामांच्या सूचना आणि साखरेची खबरबात. तुरुंगात माणूस सगळ्यावरचा ताबा गमावतो. आपण काय खातो आणि किती खातो एवढ्या एकाच खात्यावर त्यांची सही चालत होती, आणि ते खाते त्यांनी काटेकोर ठेवले.

सुटकेची वाट नव्हती असे नाही. काही अटी मान्य केल्या तर शिक्षा कमी होण्याची बोलणी बाहेर चालली होती. टिळकांनी ती मानली नाहीत. त्यांनी एका पत्रात जो हिशेब मांडला तो मला फार जवळचा वाटतो, कारण तो अगदी बँकेच्या माणसाचा आहे. वय झाले आहे, प्रकृती अशी आहे, आपल्याला उरली असतील फार तर दहा वर्षे. त्यातली काही तुरुंगात जातील हे खरे, पण अटी मान्य करून बाहेर आलो तर उरलेलीही हात-पाय बांधूनच काढावी लागतील. मग मिळवले काय? दुखणेकरी माणूस असा हिशेब करतो तेव्हा त्यात वीरश्री नसते. शिल्लक पाहून तो खर्च ठरवत असतो. हा हिशेब फारसा चुकला नाही. त्यानंतर त्यांना अकरा वर्षांच्या आसपास मिळाली.

थंडीतले लेखन

आता पुन्हा त्या तारखांकडे येतो. टिळकांनी मंडालेत शेकडो पुस्तके मागवून वाचली. जर्मन, फ्रेंच, पाली यांचा अभ्यास केला. गीतेवरचा विचार तर अनेक वर्षांपासून मनात होता. पण ग्रंथाचा पहिला खर्डा एकटाकी उतरला तो १९१०-११ च्या हिवाळ्यात. शाई मिळत नव्हती, म्हणून शिसपेन्सिलीने. सुटे कागद मिळत नव्हते, म्हणून बांधीव वह्यांत, आणि त्यांची पाने आकडे घालून मोजून दिलेली.

गरम महिन्यांत वाचायचे, साठवायचे, पथ्य सांभाळून तग धरायचा आणि रात्री पुरेशी झोप देऊ लागल्या की लिहायला बसायचे, असा बेत त्यांनी ठरवून केला होता असा माझा दावा नाही. पण दीर्घ दुखणे असलेला माणूस असेच जगायला शिकतो हे मी अनुभवाने सांगू शकतो. बरे दिवस कोणते आणि वाईट कोणते याचे पंचांग त्याच्या अंगातच तयार होते. वाईट दिवसांत तो स्वतःशी भांडत बसत नाही, आणि बरे दिवस आले की एकही वाया घालवत नाही. फाल्गुनी अमावास्येला खर्डा पुरा झाला. दुसऱ्या दिवशी पाडवा. चैत्र लागला म्हणजे मंडालेत काय सुरू होते ते वर सांगितलेच आहे.

१९१२ चा उन्हाळा सर्वांत कठीण गेला असणार. जूनमध्ये पुण्याला सत्यभामाबाई वारल्या. मधुमेह त्यांनाही होता. चाळीस वर्षांच्या संसारानंतर ही वार्ता तारेने आली. एकाच दुखण्याची दोन माणसे, एक नारायण पेठेतल्या वाड्यात आणि दुसरे ऐरावतीच्या काठी. कुणाचे पथ्य कुणी पाहायचे? पत्नीच्या शेवटच्या दिवसांत आपण जवळ नव्हतो याची खंत त्यांनी घरच्या पत्रात लिहिली. त्या रात्री तरी ती प्रसिद्ध झोप त्यांना आली असेल का, असे मनात येते.

जून १९१४ मध्ये त्यांना मंडालेहून हलवले. सहावा उन्हाळाही संपत आला होता. १६ जूनच्या मध्यरात्री त्यांना गायकवाड वाड्याच्या दाराशी आणून सोडले. आधी दारावरच्या माणसाने त्यांना ओळखले नाही असे सांगतात. वह्या सरकारने काही काळ अडकवून ठेवल्या. लोक हळहळत होते, हे मात्र निश्चिंत, कारण सगळा ग्रंथ डोक्यात पक्का होता आणि तो पुन्हा उतरवायला सिंहगड होताच. पुढे वह्या मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले.

शेवटची रात्र

पुढची सहा वर्षे त्यांनी जशी खर्चली तशी धडधाकट माणसेही खर्चत नाहीत. १९१६ ला होमरूल लीग, त्याच वर्षी लखनौचा करार, गावोगावचे दौरे, १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्यासाठी विलायतेचा प्रवास. जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृहात मुक्काम असताना ताप भरला. हिवताप म्हणून सुरू झाला आणि न्यूमोनियावर गेला. जुना मधुमेह असलेल्या शरीरात अशा संसर्गाला आवरायची ताकद कमी असते. मंडालेचे सहा उन्हाळे बाहेरून आले होते, त्यांच्याशी पथ्याने झुंजता आले. ही आग आतली होती. ३१ जुलै उलटून मध्यरात्रीनंतर, १ ऑगस्टच्या पहिल्या तासात ते गेले. बाहेर मुंबईचा पाऊस होता. त्याच पावसात लाखो माणसे चौपाटीपर्यंत चालत गेली.

मी वर्ध्याकडच्या त्या शाखेत तीन उन्हाळे काढले. जाताना वाटले होते तेवढे ते जड गेले नाहीत. घरमालक काकांनी दुसऱ्या वर्षी खिडकीला वाळ्याची ताटी बांधून दिली. कोरड्या हवेत ओली ताटी, ओले फडके हे उपाय चालतात, मुंबईच्या दमट हवेत तेच निरुपयोगी ठरतात, हे तिथे समजले. पाणी एकदम तांब्याभर न पिता दिवसभर थोडे थोडे प्यावे आणि झोपण्याआधी कमी, हेही तिथेच अंगवळणी पडले. आता मला इन्शुलिन आहे. प्रवासात ती कुपी तापू नये म्हणून मी तिला मुलासारखी जपतो. घरात थंड कपाट आहे, हवे तर वातानुकूलित खोली आहे. टिळकांपाशी यातले काही नव्हते, आणि तरी माझ्या तक्रारी संपल्या आहेत असे नाही.

अजूनही एप्रिलमध्ये एखाद्या रात्री दोन-अडीचला जाग येते. मान ओली झालेली असते. उठतो, साखर पाहतो, दोन घोट पाणी पितो. ते 'गीतारहस्य' काकांनी मला बदलीच्या वेळी देऊन टाकले होते. त्यातली प्रकरणे अजून सगळी वाचून झालेली नाहीत, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. प्रस्तावनेचे ते पान मात्र आपोआप उघडते.